एआय स्टार्टअपची ऑफर आलीये, मोठ्या फंडाने पैसे घातलेत म्हणजे कंपनी भक्कम असं धरायचं का?

वाकडकर:

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, पण प्रश्न घर चालण्याचा आहे म्हणून सगळंच सांगतो.

मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत बॅकएंडला आहे, बरीच वर्षं झाली. आत्ता बंगळुरूच्या एका एआय स्टार्टअपची ऑफर आलीये. काम काय तर बँका आणि एनबीएफसींसाठी (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपन्या) व्हॉइस बॉट, म्हणजे कुणाचा हप्ता थकला की माणसाऐवजी बॉट फोन करतो, मराठी हिंदी कन्नड तमिळ सगळ्यांत बोलतो, कधी भरताय विचारतो, तारीख घेतो आणि सिस्टिमला नोंद टाकतो. डेमो मी स्वतः ऐकला आणि थक्क झालो, मधेच तोडून बोललं तरी तो थांबतो, ऐकून घेतो आणि परत मुद्द्यावर येतो.

आता ऑफर. हातात येणारा पगार आत्तापेक्षा कमी आणि उरलेलं सगळं ईसॉपमध्ये, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क (ऑप्शन्स), चार वर्षांत टप्प्याटप्प्याने. कागदावर त्या ईसॉपची किंमत एवढी दाखवलीये की फ्लॅटचं कर्ज फिटून वर उरेल. एचआर म्हणाली गुंतवणुकीच्या मागच्या राऊंडला नावाजलेल्या फंडाने पैसे घातलेत, व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची धरलेली किंमत, वर्षभरात चौपट झालंय, एआरआर (वर्षाचं नियमित येणारं उत्पन्न) चाळीस कोटींच्या वर आहे, पुढच्या राऊंडच्या आत जॉइन झालात तर फायदा तुमचाच.

बायकोचं म्हणणं, एवढ्या मोठ्या लोकांनी तपासल्याशिवाय पैसे घातले असतील का? सासरे म्हणतात ॲप बांधून देणाऱ्या बिल्डर डॉट एआय कंपनीचं काय झालं ते बघा, सातशे इंजिनीअर बसवून एआय म्हणून विकत होते. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच अडकलोय.

तर हे फंडवाले एआय कंपनी जोखतात कशी? त्यांनी जोखली म्हणजे माझं काम झालं, की मी वेगळं काही विचारायला हवं? आतून बघितलेल्या लोकांनी प्लीज लिहा, राजीनामा टाकायच्या आधी ठरवायचंय.

---

लोअरपरळ:

मी मुंबईत एका व्हीसी फंडात, म्हणजे स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या फंडात, ॲनालिस्ट होते, आता नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

वहिनींचा मुद्दा आधी घेते कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. फंडाने तपासलं असणारच, पण कशासाठी तपासलं ते बघा. व्हीसीचा धंदा म्हणजे तीस बोअर मारायच्या आणि एकदोघींना धो धो पाणी लागलं की बाकीच्या कोरड्या गेल्या तरी हिशोब जुळतो. त्यामुळे मीटिंगमध्ये "ही कंपनी टिकेल का" यावर फार वेळ जात नाही, "चाललीच तर किती मोठी होईल" यावर जातो. तुमची नोकरी एकच आहे. त्यांचा होकार हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, तुमच्या नाही.

जोखतात कसं, तर अगदी सुरुवातीला मुख्यतः माणसं बघतात. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमधून बाहेर पडलेल्या इल्या सुत्स्केव्हरच्या सेफ सुपरइंटेलिजन्सने सप्टेंबर २०२४ मध्ये १०० कोटी डॉलर उभे केले तेव्हा विकायला एकही प्रॉडक्ट नव्हतं, आणि २०२५ मध्ये ओपनएआयच्याच माजी टेक्नॉलॉजी प्रमुख मीरा मुराटीच्या थिंकिंग मशीन्स लॅबने पहिल्याच राऊंडला २०० कोटी डॉलर घेतले, १,२०० कोटी डॉलरच्या व्हॅल्युएशनवर. याला मी वेडेपणा म्हणणार नाही, ते काम येणारी माणसं जगात खरंच मोजकी आहेत. पण तुमची कंपनी त्या जातीची नाही, ती बहुधा दुसऱ्याच्या एआय मॉडेलवर ॲप बांधते, तिला साध्या धंद्याची फूटपट्टी लावायला हवी. हाइपच्या काळात नेमकं हेच राहून जातं, वरच्या चार कंपन्यांची फूटपट्टी खालच्या चारशेंना लागते.

आणि नुसत्या लेबलने सुद्धा पैसा हलतो बरं का. लंडनच्या एमएमसी व्हेंचर्सने २०१९ मध्ये युरोपातल्या २,८३० "एआय स्टार्टअप" एकेक करून तपासल्या होत्या, त्यातल्या ४० टक्क्यांमध्ये एआय धंद्याच्या गाभ्याशी असल्याचा पुरावाच सापडला नाही. बऱ्याच कंपन्यांनी स्वतः तसा दावाही केला नव्हता, याद्या बनवणाऱ्यांनी ते लेबल लावलं होतं, तरी त्याच अहवालात एआय म्हणवणाऱ्या कंपन्यांना फंडिंग १५ ते ५० टक्के जास्त मिळतं असंही होतं. अमेरिकेतली सीथ्री ही सॉफ्टवेअर कंपनी बघा, आधी सीथ्री एनर्जी, मग २०१६ ला सीथ्री आयओटी, २०१९ ला सीथ्री डॉट एआय. धंदा बदलला की नाव बदलतं, त्यात गुन्हा काही नाही, पण नावाला बाजारात किती वजन असतं ते कळतं.

आता तुमच्या कामाचं. एआरआर चाळीस कोटी म्हणजे काय ते नीट विचारा. वर्षाचं करारात बांधलेलं उत्पन्न असेल तर त्याला अर्थ आहे. पण व्हॉइस बॉटचे पैसे सहसा मिनिटावर किंवा कॉलवर असतात, म्हणजे बांधलेलं काहीच नाही, मग लोक सगळ्यात चांगला महिना घेतात आणि बाराने गुणतात. वसुलीच्या धंद्यात असा महिना कोणता? मार्च. वर्षअखेरीला सगळ्या एनबीएफसी थकबाकीच्या मागे लागतात, कॉल धडाधड वाढतात, त्या आकड्याला बाराने गुणलं की चाळीस कोटी दिसतात आणि जून-जुलैचा महिना घेतला तर त्याच कंपनीचे पंचवीसही दिसणार नाहीत. फसवणूक म्हणता येईल असं यात काही नाही आणि म्हणूनच विचारणं तुमच्याकडे येतं. मागच्या बारा महिन्यांचं बिलिंग महिनावार मागा.

दुसरं म्हणजे मिनिटाला किती मिळतात आणि मिनिटाला किती जातात. एका मिनिटाच्या कॉलमागे टेलिफोनचा खर्च, आवाजाचं अक्षरात रूपांतर, मॉडेल, आणि अक्षराचा परत आवाज, असे चार मीटर एकदम पळतात. जुन्या सॉफ्टवेअर कंपनीत शंभर रुपयांतले ७०-८० ग्रॉस मार्जिन म्हणून, म्हणजे सेवा द्यायचा थेट खर्च वजा जाता, राहायचे, कारण एक ग्राहक वाढला म्हणून खर्च फारसा वाढत नसे. इथे प्रत्येक कॉलला खर्च आहे. त्यात अशाच दहा कंपन्या तोच बॉट घेऊन त्याच बँकेच्या दारात उभ्या, म्हणजे दर खाली. फाउंडरला मार्जिन पाठ असायला हवं. "स्केल आलं की सुधारेल" एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा.

तिसरं, पायलट, म्हणजे नुसतं करून बघणारे, किती आणि पक्के ग्राहक किती. २०२३ पासून प्रत्येक बँकेत बोर्ड विचारतंय की एआयमध्ये आपण काय करतोय, त्यामुळे पायलटला पैसे सुटतात, पण ते इनोव्हेशनच्या बजेटमधले. दुसऱ्या वर्षाची खरेदीची ऑर्डर वसुलीच्या नेहमीच्या बजेटमधून आली का, हा खरा कस. पहिल्या वर्षीची वाढ बघून फसायला होतं. जास्परचं उदाहरण आहेच, मार्केटिंगचा मजकूर लिहून देणारी कंपनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १५० कोटी डॉलरचं व्हॅल्युएशन आणि ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. पुढच्याच वर्षी तिथे कपात झाली आणि कंपनीने स्वतःचं व्हॅल्युएशन खाली आणलं. पैसे घालणारे मूर्ख नव्हते, ग्राहकही खरे होते, पण त्या ग्राहकाला तीच गोष्ट जवळपास फुकट मिळायला लागली.

---

नाशिक_पुणे_नाशिक:

ताईंनी धंद्याचं लिहिलं, मी आतल्या मशीनचं लिहितो.

आधी सासऱ्यांच्या सातशे इंजिनीअरांबद्दल. व्हॉट्सॲपवर ती गोष्ट जशी फिरली तशी खरी नाही. तिथे काम केलेल्या इंजिनीअरांनीच नंतर सांगितलं की त्यांचं नताशा नावाचं टूल खरोखर भाषा मॉडेल वापरायचं, आणि ग्राहकांची ॲप्स बांधायला माणसं होती हे काही लपवलेलं नव्हतं. एआय फुगवून सांगतात ही शंका मात्र जुनी, कंपनी इंजिनीअर डॉट एआय नावाने चालायची तेव्हा २०१९ मध्येच वॉल स्ट्रीट जर्नलने छापली होती. आणि तरी २०२३ मध्ये कतारच्या सरकारी फंडाच्या पुढाकाराने २५ कोटी डॉलरचा राऊंड झाला, मायक्रोसॉफ्टनेही पैसे घातले! कंपनी बसली ती आकड्यांवर. २०२४ ची कमाई सावकारांना २२ कोटी डॉलर सांगितलेली, तपासल्यावर ती साधारण साडेपाच कोटींच्या आसपास निघाली, कर्ज दिलेल्या व्हायोला क्रेडिटने खात्यातले ३.७ कोटी डॉलर उचलले आणि मे २०२५ मध्ये दिवाळखोरी. म्हणजे बातमी चार वर्षं पेपरात होती आणि मोठी नावं तरीही आली. वहिनींना हे नक्की वाचून दाखवा.

माणसं लपवल्याचा आरोप खरा झालाय तो नेट नावाच्या अमेरिकन शॉपिंग ॲपवर. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या न्याय खात्याने फाउंडरवर आरोप ठेवले की गुंतवणूकदारांना सांगितलं खरेदी एआय करतं, प्रत्यक्षात फिलिपिन्समधली माणसं हाताने ऑर्डर भरत होती आणि ऑटोमेशन जवळपास शून्य. ४ कोटी डॉलरच्या वर जमवले होते.

पण मागे माणूस बसलाय म्हणजे लगेच फ्रॉड असंही नाही हो. मी एका बिलं वाचणाऱ्या कंपनीत होतो. स्क्रीनचे दोन भाग, डावीकडे बिलाचा फोटो, उजवीकडे मॉडेलने भरलेले रकाने, जिथे मॉडेलला खात्री नाही तो रकाना पिवळा. पिवळं काही असलं की बिल माणसांच्या रांगेत. छापील टॅक्स इन्व्हॉइस सरळ पार व्हायची, पण भुसार मालाच्या दुकानदाराने कार्बन लावून पेनाने लिहिलेली बिलं, खाली रबरी शिक्का नेमका एकूण रकमेवर मारलेला, ती सगळी पिवळी. डेमोला मात्र कायम छापीलच दाखवायचे. गुंतवणूकदार आले, डेमो बघितला, अचूकता विचारली, गेले. शंभरातली किती बिलं रांगेत जातात आणि सहा महिन्यांपूर्वी किती जायची, हे कुणी विचारलंच नाही, आणि धंदा चालणार की नाही हे पूर्णपणे त्या एका आकड्यावर होतं, कारण बिलं दुप्पट झाली की रांगेतली माणसंही दुप्पट होत होती.

तुमच्या बॉटला हेच लावा. शंभर कॉलमधले किती शेवटी माणसाकडे जातात? आणि डेमो नको, खरे कॉल ऐकवा म्हणा, नाव-नंबर काढून. लातूर-सोलापूरकडचा माणूस "सुगी झाली की भरतो" किंवा "कारखान्याचं बिल आलं की बघू" म्हणतो तेव्हा बॉट तारखेच्या रकान्यात काय टाकतो ते बघा. वसुलीचा माणूस असतो त्याला कळतं की हा ऊसवाला आहे, पैसे खरंच येणार आहेत, फक्त उशीर आहे. बॉटने त्याला "नकार" मध्ये टाकलं तर एनबीएफसी त्याच्या दारात माणूस पाठवणार. असे हजारो कॉल ऐकून ज्यांनी आपल्या सिस्टिमला हे शिकवलंय त्यांच्याकडे दुसऱ्याला पटकन उचलता न येणारी गोष्ट आहे. गोड आवाज आज कुणालाही विकत मिळतो.

अजून एक, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही. हे बॉटमध्ये कोण सांभाळतं, तुमची कंपनी की बँक, तेही विचारा. एका मोठ्या तक्रारीत ग्राहक जाऊ शकतो.

---

वाकडकर:

ताई, दादा, खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगत नाही. मार्चचं तर डोक्यातच आलं नव्हतं. रांगेचा आकडा आणि महिनावार बिलिंग दोन्ही मागतो. ईसॉपचं कुणी सांगू शकेल का? ऑफर लेटरमध्ये फक्त "अमुक इतक्या रुपयांचे ऑप्शन्स" एवढंच आहे.

---

ठाण्याचा_सीए:

वाकडकर, रुपयांचा आकडा सोडा, ऑप्शन्स किती आणि कंपनीचे एकूण शेअर किती, पूर्ण डायल्यूट करून (म्हणजे पुढे शेअर होऊ शकतील ते सगळे ऑप्शन्स वगैरे धरून), हे आधी लेखी घ्या. टक्केवारी काढल्याशिवाय बाकी सगळी चर्चा फुकट आहे.

व्हॅल्युएशन म्हणजे काय तेही समजून घ्या. फंडाने ८० कोटी देऊन १० टक्के घेतले की कंपनी ८०० कोटींची झाली असं छापून येतं. पण फंडाने घेतलेला शेअर आणि तुम्हाला मिळणारा शेअर एक नाही. त्यांचे सीसीपीएस, म्हणजे सक्तीने परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर, त्यात जवळपास नेहमी अट असते की कंपनी विकली तर आधी आमचे घातलेले पैसे परत. समजा एकूण २०० कोटी उभे केले आणि कंपनी १८० कोटींना विकली गेली, पेपरात "१८० कोटींना विक्री" अशी बातमी येईल, फंड १८० घेऊन जातील आणि साध्या शेअरवाल्यांना, म्हणजे फाउंडर आणि तुम्ही, काही उरणार नाही. हाइपमध्ये जेवढे जास्त पैसे उभे राहतात तेवढा हा उंबरठा वर जातो. एचआर मोठा राऊंड ही आनंदाची गोष्ट म्हणून सांगते, ईसॉपवाल्याने ऐकताना हे लक्षात ठेवायचं.

एआयमध्ये अजून एक नवीन प्रकार आलाय. मोठी कंपनी स्टार्टअप विकत घेतच नाही, फाउंडर आणि वरची टीम उचलते, टेक्नॉलॉजीचं लायसन्स घेते आणि कंपनी मागे सोडते. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इन्फ्लेक्शन या एआय स्टार्टअपचं असंच केलं. जुलै २०२५ मध्ये गूगलने कोड लिहायला मदत करणारं टूल बनवणाऱ्या विंडसर्फचा सीईओ वरुण मोहन आणि काही मंडळी घेतली, २४० कोटी डॉलरचा व्यवहार, आणि मागे राहिलेल्या लोकांना दोन-तीन दिवस आपलं काय होणार तेच माहीत नव्हतं, मग कॉग्निशन या दुसऱ्या एआय कंपनीने उरलेली कंपनी घेतली आणि सगळ्यांना वाटा दिला म्हणून निभावलं. ऑफरमध्ये "कंपनी विकली गेली तर न मिळालेले ऑप्शन्स लगेच मिळतील" असं कलम असेल तर त्यात लायसन्सवाला व्यवहार येतो का ते विचारा.

टॅक्स: ऑप्शन वापरून शेअर घेतला त्या दिवशीची किंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक पगारात धरतात आणि त्यावर स्लॅबने कर, शेअर विकून एक रुपया हातात आलेला नसला तरी. स्टार्टअपच्या करसवलतीचं सरकारी सर्टिफिकेट (जुन्या आयकर कायद्यात कलम ८०-आयएसी) असलेल्या कंपनीला तो कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की लगेच देय. आणि सोडल्यावर ऑप्शन वापरायला मुदत किती? पुष्कळ ठिकाणी ९० दिवस असते. तेवढ्यात पैसे भरून शेअर घ्या नाहीतर गेले. ही मुदत वाढवून मागा, पगारापेक्षा यावर कंपन्या लवकर ऐकतात असा माझा अनुभव आहे.

---

बंगळुरूतला_मिरजकर:

सगळ्यांचे मुद्दे बरोबर आहेत, पण सूर असा लागलाय की जाऊच नका, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी अशाच छोट्या एआय कंपनीत आहे आणि इथे जे शिकलो ते आधीच्या मोठ्या कंपनीत शिकलो नसतो. सर्व्हिस कंपनी म्हणजे सुरक्षित हे गृहीतकही आता तपासायला पाहिजे, टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांच्या वर लोक कमी करायचं जाहीर केलं, टीसीएसने! कोड लिहायला मदत करणारं कर्सर हे टूल बनवणारी एनीस्फिअर बघा, तीही सुरुवातीला दुसऱ्यांच्याच मॉडेलवर उभी राहिली, सगळे म्हणत होते हे नुसतं वेष्टण आहे, आणि २०२५ च्या सुरुवातीला १० कोटी डॉलरवर असलेला तिचा एआरआर जूनपर्यंत ५० कोटींच्या पुढे गेल्याचं कंपनीने सांगितलं. प्रोग्रामर रोज वापरतात आणि खिशातून पैसे देतात. मॉडेलचे दरही सतत उतरतायत, त्यामुळे आज मार्जिन कमी म्हणजे कायमचं कमी असं नाही.

माझं मत, पगार घर चालेल इतका मागा, कर्जाचा हप्ता, शाळा, आईवडिलांचा विमा सगळं धरून. तो मिळत असेल तर ईसॉपची किंमत शून्य धरूनही काम करावंसं वाटतं का ते बघा. मला वाटलं, मी आलो. पण वसुलीचे खरे कॉल ऐकवायला त्यांनी टाळाटाळ केली तर मीही जाणार नाही.

---

वाकडकर:

पगाराचं बोलणं परत सुरू केलंय. खरे कॉल ऐकवतो म्हणालेत, पण महिनावार बिलिंग "गोपनीय आहे, जॉइन झाल्यावर कळेल". आता काय?

---

लोअरपरळ:

आतलं बिलिंग उमेदवाराला न दाखवणं कॉमन आहे, तेवढ्यावर नाही म्हणू नका. पण फाउंडरशी थेट अर्धा तास मागा आणि आकडा न मागता विचारा की मागच्या वर्षी कोणता ग्राहक सोडून गेला आणि का. ज्याला धंदा माहितीये तो नाव न घेता सविस्तर सांगतो. "आमचा एकही ग्राहक गेला नाही" हे उत्तर मला सगळ्यात कमी आवडायचं.

---

ठाण्याचा_सीए:

आणि सगळं काही त्यांच्यावर अवलंबून नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये १०० रुपये भरा आणि दोन फॉर्म काढा. एओसी-४ मध्ये ऑडिट झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा असतो, तिथे विक्रीचा आकडा आणि एचआरचा एआरआर शेजारी ठेवा, मधला फरक किती ते बघा. वर्ष वेगळं आहे हे धरा, हे आकडे उशिरा येतात, मार्चअखेरचे साधारण ऑक्टोबरनंतर. पीएएस-३ मध्ये प्रत्येक राऊंडला किती सीसीपीएस दिले आणि किती किमतीला ते कळतं, त्यावरून एकूण किती पैसे उभे केले याची बेरीज करा. तो आकडा म्हणजे मी वर सांगितलेला उंबरठा. कागद मिळाले की कंपनीचं नाव झाकून इथे टाका, मी बघून सांगतो.